फाशीची जोडी

वाशीम जिल्ह्यात पाहण्यासारखं आहे तरी काय, असं मला निघताना चार जणांनी विचारलं. परत आल्यावर काय पाहिलं, हे एकानेही विचारलं नाही. बरंच झालं. तोंडी सांगायला मला जमलं नसतं. लिहायला जमेल की नाही तेही ठाऊक नाही, पण लिहिणं हा आमच्या घराण्याचा जुना धंदा आहे, आणि या हकीकतीतलं सगळं दुखणं तिथूनच सुरू होतं.

माझ्या आजोबांचे आजोबा वाशीमच्या कचेरीत कारकून होते. राज्य विलायतेच्या राणीचं. सांगलीकडचा हा माणूस पोटासाठी वऱ्हाडात गेला, साहेबाच्या घोड्यामागून गावोगाव हिंडला आणि रोज काही ना काही लिहून ठेवत गेला. त्याची मोडीतली वही चुलतभावाकडे एका बॅगेत पडून होती. इतिहास शिकवण्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी मोडीच्या वर्गाला जाऊ लागले, तेव्हा भावाने ती वही माझ्या गळ्यात घातली. एक अख्खा पावसाळा मी ती वाचत होते. बहुतेक पानांवर पोटाच्या तक्रारी आहेत. ऊन, ताप, मिळालेलं ताक, न मिळालेलं ताक.

एक पान मात्र वेगळं आहे. त्या दिवशी मंडळी एका खेड्यात गेली होती. आठवडी बाजाराचा दिवस मुद्दाम धरला होता, म्हणजे बघायला माणसं आयती मिळतील. नाल्याकाठच्या निंबाला दोर बांधला. बैलगाडीवर एका कैद्याला उभं केलं, दोर त्याच्या गळ्यात घातला. आता बैल हाकले की गाडी पुढे जाणार आणि माणूस मागे लटकणार, अशी योजना. गाडी गावातल्या एकाची वेठीला धरून आणलेली. त्याने बैल हाकायला साफ नकार दिला. माझे बैल वावर नांगरतात, माणूस मारत नाहीत, असं तो म्हणाला. साहेबाने त्याला झाडाला बांधून फटके मारायला लावले. तरी ऐकेना. मग पाटलाचा धाकटा भाऊ पुढे झाला, त्याने कासरा हातात घेतला आणि काम पार पडलं. साहेबाने त्याची पाठ थोपटली. नंतर पाटलाच्या घरी सगळ्यांची जेवणं झाली. पुरण चांगलं झालं होतं, अशी शेवटी नोंद आहे.

कैद्याचं नाव नाही. त्याने काय केलं होतं तेही नाही. पुरणाची नोंद आहे.

मी सांगलीत पंख्याखाली बसून या माणसाला मनसोक्त शिव्या घातल्या. माणूस डोळ्यांसमोर मेला आणि तू जेवलास? बरं, जेवलास तर जेवलास, वर लिहून ठेवलंस?

वैशाली माझ्या शाळेतली जुनी सोबतीण, मूळची वऱ्हाडातली. तिला मी ते पान वाचून दाखवू लागले. पहिल्याच ओळीत गावाचं नाव आलं, तशी ती मला तोडत म्हणाली, "अगं, हे तर माझं माहेर! फाशीचा निंब अजून आहे तिथे. फाशीची जोडीसुद्धा आहे."

"जोडी कसली?"

"बैलांची. तू पोळ्याला जा. माझा दादा आहे, वहिनी आहे. दोघंही माणसांची भुकेली आहेत. माझा गुडघा धड असता तर मीच आले असते."

गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. यात शहाणपण काही नाही, नुसता भिडस्तपणा आहे, आणि त्याचं काय झालं ते पुढे सांगतेच आहे.

शेलूबाजार

शेलूबाजारला सकाळी उतरले. तिथून गावाच्या फाट्यापर्यंत काळीपिवळी जीप. ती भरल्याशिवाय निघत नाही, आणि भरली कधी म्हणायची हे फक्त ड्रायव्हरला कळतं. माझ्या मांडीवर एका बाईची पिशवी, पिशवीत पोळ्यासाठी घेतलेले गोंडे आणि घुंगरमाळा. शेजारचा माणूस मोबाइलवर कुठल्याशा शहरातल्या खुनाची बातमी मोठ्याने ऐकवत होता.

"अशायले कोर्ट कायले पायजे?" तो म्हणाला. "भर चौकात लटकवा न् समद्यायले दाखवा."

"लहान पोरायलेबी दाखवा," पिशवीवाली बाई म्हणाली. "मंग समजते."

एकतीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला गप्प बसता येत नाही. मी म्हटलं, राणीच्या राज्यात विलायतेत हेच करत होते. फाशी म्हणजे तिथे जत्रा असायची. समोरच्या घरांच्या खिडक्या भाड्याने जायच्या, खाण्याचे फेरीवाले फिरायचे, खिसेकापूंची तर चंगळ. बघून लोक सुधारतील म्हणून दाखवायचे. लोक सुधारले नाहीत, पण रांगा लावून यायला लागले. पुढे बड्या मंडळींना त्याची लाज वाटली आणि त्याच राणीच्या राज्यात फाशी तुरुंगाच्या भिंतीआड गेली. फाशी काही थांबली नाही. लाज दोराची नव्हती, गर्दीची होती.

मला वाटलं, धडा पोचला.

"पण मॅडम," ड्रायव्हर आरशातून म्हणाला, "भिंतीआड देऊन फायदा काय? पाह्यलंच नाही त भेव कसं बसन?"

सगळे हसले. विलायतेतही हेच म्हणणारे विद्वान होते, असं मी पुटपुटले, पण ते घुंगरांच्या आवाजात बुडालं.

फाट्यापासून गावात चालत जायचं होतं. दोन्हीकडे सोयाबीन, मध्ये तुरीचे तास, सगळं हिरवंगार. आमच्याकडची माती पायाला लागते, तिथली काळी माती पाय ठेवून घेते. तिसऱ्या मिनिटाला माझी एक चप्पल चिखलात राहिली. ती काढायला वाकले तर दुसरीही गेली. बासष्टाव्या वर्षी मी वैशालीच्या माहेरी अनवाणी, चपला हातात धरून, गुडघ्यापर्यंत काळी होऊन दाखल झाले. वैशालीच्या सुमनवहिनी दारात घमेलंभर पाणी घेऊन उभ्या होत्या, जणू पाहुणे असेच येतात. त्यांनी मला हात लावू न देता माझे पाय स्वतः धुतले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वैशालीची मैत्रीण म्हंजे आमची नणंदच," त्या म्हणाल्या. "संकोच करू नोका."

वैशालीचे भाऊ दादाराव गावातले पाटील. आता पाटीलकीचं काही उरलेलं नाही, पण गावात पाटलाचं घर एकच आणि मान अजून आहे. साठीचा माणूस, बोलायला मोकळा, वाढायला त्याहून मोकळा. दुपारी शेणाच्या निखाऱ्यांवर भाजलेले रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी. मी तिसऱ्या रोडग्याला नको म्हटलं तर दादाराव म्हणाले, "सांगलीले काय नुसता ऊस खाता काय?" असं छान जेवण मी कित्येक वर्षांत जेवले नव्हते. पण दुसरा रोडगा मोडताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाटलाचं घर एकच. म्हणजे कासरा ज्याने हातात घेतला, तो याच घरातला. मी ज्या चुलीचं खात होते, त्याच चुलीचं पुरण आमच्या कारकुनाने खाल्लं होतं.

वहीच्या त्या पानाची झेरॉक्स आणि माझ्या हाताने बाळबोध लिपीत उतरवलेला मजकूर माझ्या पिशवीत होता.

निंबाखाली

उन्हं कलल्यावर दादाराव मला निंब दाखवायला घेऊन गेले. झाड मोठं आहे, एका अंगाने वठलेलं. त्याला शेंदूर नाही, दिवा नाही, पार नाही. खाली कोणी बसत नाही, सरपणाला फांदीही तोडत नाहीत. मी विचारलं, फाशी गेला त्याचं नाव काय होतं? दादारावांना ठाऊक नव्हतं. वाटेत भेटलेल्या तिघांना विचारलं, त्यांनाही नाही. माणसाचं नाव पुसून गेलं. बैलांचं मात्र गावाने नीट लक्षात ठेवलंय.

ती रीत दादारावांनी सांगितली, ती अशी. पोळ्याच्या दिवशी गावातले सगळे बैल सजवून वेशीजवळच्या मोकळ्या जागेत, आखरावर, आणतात. तिथे आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असतं, त्याखाली जोड्या ओळीने उभ्या राहतात. मानाची जोडी पाटलाची. तोरण तुटलं की बैल घरोघर जातात, बाया त्यांना ओवाळतात, पुरणपोळी चारतात. फक्त एका घरची जोडी तोरणाखाली येत नाही. ती नाल्यापलीकडे, या निंबाखाली उभी राहते. तिला कोणी ओवाळत नाही, कोणी घरी बोलावत नाही. कारण त्या घरच्या बैलांच्या खांद्यावर माणूस मेला.

"ते बैल कधीच मेले असतील की," मी म्हटलं.

"मेलेच ना. ह्या त किती पिढ्या झाल्या!"

"मग?"

"मंग काय. गाडी त्याईची, बैलं त्याईचे, हाकणारा त्याईचा बुढा. घराले लागलं ते लागलं." दादाराव निंबाकडे न बघता म्हणाले, "मले काय, माह्या घरचं काय जाते? पण गाव ऐकत नाही."

आमच्या सांगलीकडे पोळा नसतो, बेंदूर असतो. आमच्याही बेंदराला कोणाचा बैल पुढे आणि कोणाचा मागे यावरून डोकी फुटतात. पण बैलांना पिढीजात शिक्षा ठोठावलेली मी पहिल्यांदा पाहत होते. इंग्रजाने एकाला एकदाच फाशी दिलं. गाव दर वर्षी देत होतं.

परत येताना नाल्यावर गजानन भेटला. चाळिशीचा, काटक, बैल धूत होता. पांढरी जोडी, एकाचं शिंग किंचित मोडलेलं. हाच त्या घरचा.

"तुमी सांगलीच्या ना, मॅडम? मी येतो तिकडं, दिवाळीनंतर, ऊस तोडायले. आठ वर्सं झाले."

"कुठल्या गावाला?"

त्याने आमच्या घरापासून हाकेवरच्या गावाचं नाव सांगितलं. दर हिवाळ्यात रस्त्याने जाताना ऊसतोडीच्या टोळ्यांची पालं मला दिसतात. त्यातल्या एकालाही मी आजवर तुझं गाव कोणतं, असं विचारलं नव्हतं.

गजाननने दादारावांच्या समोरच मला सगळं सांगितलं. जोडी विकायची ठरली होती. वावर थोडं, तो निम्मं वर्ष बाहेर, नांगरट ट्रॅक्टरवाल्याकडून होते, बैलांना बघायला घरात एकटा म्हातारा बाप. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक येणार होतं. म्हणजे त्या घरचा हा शेवटचा पोळा.

"माह्या बाबाची एकच इच्छा हाये. एक डाव जोडी तोरणाखाली उभी पायची. वर्सभर मी गावाच्या पाया पडून राह्यलो. गाव म्हणते, पुरावा आन."

"आता आला ना पुरावा," दादाराव मनापासून म्हणाले. वैशालीने त्यांना फोनवर वहीचं सांगितलं होतं, काय लिहिलंय ते मात्र तिनेही पुरतं ऐकलं नव्हतं. "संध्याकाळी पारावर समदे येतात. मॅडमच्या वहीत तुह्या बुढ्यानं बैल हाकले नाही असं निघालं, त उद्या मी सोता तुही जोडी तोरणाखाली घेतो. माह्या जोडीच्या बाजूले. बस?"

गजाननने ओल्या हातांनीच मला नमस्कार केला.

पारावर

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेले खांदे गरम पाण्याने शेकायचे, तूप-हळद चोळायची, आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. सुमनवहिनींनी माझ्याकडूनही ते म्हणवून घेतलं. त्या बैलाच्या कानाशी वाकले तेव्हा मला उगाच भरून आलं. जनावराला रीतसर आमंत्रण देणारी माणसं वाईट कशी असतील, असं वाटलं. वाईट नव्हतीच ती. तिथेच तर सगळी पंचाईत होती.

मग आम्ही मारुतीच्या पारावर गेलो. पन्नासेक माणसं होती. तोरण कोण बांधणार, ट्रॅक्टरवाल्यांना मागे उभं करायचं की नाही, अशी बोलणी झाली. गजानन एका कडेला उभा होता. शेवटी तोच पुढे आला.

"मॅडम, तुमच्या आजोबाच्या वहीत आमच्या बुढ्याचं काय लिवलं हाये, ते समद्यायले सांगा."

सगळी माणसं माझ्याकडे वळली. कागद माझ्या पिशवीत, पिशवी मांडीवर. मी बोलायचं ते एवढंच होतं. गाडीवाल्याने नकार दिला, फटके खाल्ले, बैल पाटलाच्या भावाने हाकले. तीन वाक्यं. एकतीस वर्षं मी मुलांना सांगत आले होते की पुरावा हातात असताना भिऊ नका.

दादाराव माझ्या शेजारी बसले होते, त्यांचा गुडघा माझ्या पिशवीला लागला होता. पाटलीण म्हणून सुमनवहिनी पलीकडे चार बायांत मानाने बसल्या होत्या. सकाळी त्यांनी माझे पाय धुतले होते. उद्या सण. वैशालीला मी काय सांगणार? तुझ्या दादाच्या घरी जेवले आणि भर गावात त्याच्या घराण्याला काळं फासून आले? आणि खरं सांगायचं तर मला भीतीही वाटली. पन्नास माणसांची, अंधारून येत असलेल्या परक्या गावाची, आणि त्याहून जास्त, वाईट दिसण्याची.

"ते पान," मी म्हटलं, "वाळवीने खाल्लंय. नीट लागत नाही."

इतक्या सफाईने मी आयुष्यात खोटं बोलले नव्हते. पारावर कोणीतरी खाकरलं. गजानन आणखी जवळ आला.

"काहीच लागत नाही, मॅडम?"

"नाही."

"जाऊ दे, गजानन," दादाराव म्हणाले. "पुढच्या वर्साले पाहू."

पुढच्या वर्षी जोडी नसणार, हे पारावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. तरी सगळ्यांनी मान डोलावली. गजानन निघून गेला आणि पुन्हा ट्रॅक्टरांची बोलणी सुरू झाली. मी मनाशी ठरवलं, उद्या एकांतात सांगेन. एकांतात सांगितलं म्हणजे खरंही बोलल्यासारखं होईल आणि कोणाला दुखवल्यासारखंही होणार नाही. माझ्यासारख्या माणसांना अशा सोयी फार लवकर सुचतात.

पोळा

पोळा बघण्यासारखा असतो, हे मी कबूल करते. शिंगांना रंग, पाठीवर झुली, कपाळाला बाशिंगं, गळ्यात घुंगरमाळा. दादारावांच्या बैलांच्या झुलीला आरसे लावलेले होते. आखरावर तीसेक जोड्या, पाचसात ट्रॅक्टर, त्यांनाही हार. माणसं एकमेकांना टोमणे मारणाऱ्या झडत्या म्हणत होती आणि हरहर महादेवाचा गजर होत होता. माझ्या कपाळाला बुक्का, हातात नारळ. पाहुणी म्हणून मला तोरणाच्या अगदी जवळ उभं केलं होतं, सगळं नीट दिसावं म्हणून.

सगळं नीट दिसत होतं. नाल्यापलीकडचंही. निंबाखाली गजानन जोडी धरून उभा होता. त्याने बैल गावातल्या कोणाहून कमी सजवले नव्हते. मोडक्या शिंगाला त्याने बेगड लावून ते बरोबरीचं केलं होतं. शेजारी खाली मातीत त्याचा बाप बसला होता, तुळशीरामबाबा. पांढरंस्वच्छ धोतर, डोक्याला नवा पटका. तोरणाखाली उभं राहायचं म्हणून घेतलेला पटका असणार.

दादारावांच्या जोडीने तोरण तोडलं. गर्दी एकदम उसळली, बैल उधळले, पोरं ओरडली, बायांनी ताटं सावरली. त्या गडबडीत नाल्यापलीकडे कोणाचंही लक्ष नव्हतं. पानं पायाखाली पडली होती. एक माझ्या पदराला चिकटलं.

मी नाला ओलांडला. या वेळी चप्पल हातातच घेतली होती. बाबांच्या समोर मातीत बसले, कागद काढला आणि वाचला. पहिल्यापासून शेवटपर्यंत. गाडीवाला काय म्हणाला, त्याला कसं बांधलं, बैल कोणी हाकले. फक्त पुरणाची ओळ मी गाळली.

म्हातारा ऐकत होता.

"म्हंजे आमच्या बुढ्यानं हाकले नाही?"

"नाही, बाबा. त्यांनी फटके खाल्ले, पण हाकले नाहीत."

"ह्याच झाडाले बांधून?"

"याच झाडाला."

त्याने झाडाच्या बुंध्याला हात लावला. बराच वेळ तसाच ठेवला. मग तो रडायला लागला, आवाज न करता, आणि रडता रडता हसलाही. मला वाटलं, झालं, माझं काम झालं. उशिरा का होईना, मी न्याय पोचवला. मला स्वतःचं कौतुकसुद्धा वाटू लागलं होतं.

मग त्याने पटक्याच्या शेवाने डोळे पुसले.

"बाई, हे काल काहून नाही सांगतलं? काल गाव होतं ना."

मी कागदाची घडी घालू लागले. गजानन मात्र माझ्याकडे बघत नव्हता. त्याने घरून आणलेली पुरणपोळी बैलांना चारायला घेतली होती. एक मोठ्या शिंगाच्याला, एक मोडक्या शिंगाच्याला.

"काल वाळवी होती, मॅडम," तो बैलाच्या तोंडाकडे बघत म्हणाला. "आज कुठी गेली?"

मी तिथून उठले ती सरळ दादारावांच्या घरी. अजूनही वेळ होता, बैल घरोघर फिरतच होते. ओसरीवर त्यांच्या हातात मी कागद दिला आणि म्हटलं, काल मी खोटं बोलले. वाचा. आणि जमलं तर निदान त्या जोडीला आज तुमच्या दारी बोलवा.

दादारावांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. चेहऱ्यावर राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी कागदाची नीट घडी केली आणि माझ्या हातात परत ठेवली.

"मॅडम, तुमी काल समद्या गावासमोर म्हणल्या, वाळवी लागली."

"हो, पण..."

"मंग लागली." ते उठले. "चला, पानं घेतली हायेत. जेवून घ्या."

मी त्यांच्या मागोमाग आत गेले. पाटावर बसले. सुमनवहिनींनी वाढलं, कढी, वडे, भजी, कुरडया, पुरणाच्या पोळीवर तुपाची धार. भूक नाही म्हणून मी एकच पोळी घेतली. भूक होती.

परत

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाराव मला मोटारसायकलवरून फाट्यावर सोडायला आले. सुमनवहिनींनी वाटेत खायला पोळ्यांचा डबा दिला होता, आणि वैशालीसाठी साडी. पुन्हा या म्हणाले, दोघंही, आणि मनापासून म्हणाले.

फाट्यावर एक पिकअप उभा होता. त्यात गजाननची जोडी चढवत होते. शिंगांचा रंग अजून ताजा होता, बेगड अर्धवट निघालेलं. मोडक्या शिंगाचा बैल फळीवर पाय ठेवायला तयार नव्हता. दोघांनी मागून लोटलं तरी हलेना. शेवटी गजानन पुढे झाला, त्याच्या कानाशी वाकून काहीतरी बोलला, तेव्हा तो गुमान चढला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. दादाराव त्या वेळी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, काळीपिवळी येते का ते पाहत होते.

गजाननने मला पाहिलं. नमस्कार केला नाही. रागावलेलाही दिसला नाही. जीप आली आणि मी बसले.

मंगरूळपीरहून पुढची बस मिळाली, खिडकीची जागा मिळाली. दिवाळीनंतर गजानन आमच्याकडे ऊस तोडायला येईल. त्याच्या पालावर जाऊन काय सांगायचं, याची मी वाटभर जुळवाजुळव करत होते. मग वैशालीचा फोन आला, कसा झाला पोळा? मी म्हटलं, छान. दादाने नीट ठेवलं ना? मी म्हटलं, फारच.

दुपारी पोटात कावळे ओरडायला लागले. मी डबा उघडला आणि एकेक करत तिन्ही पोळ्या खाल्ल्या.

पुरण चांगलं झालं होतं.